शिशिरची शीळ

सेक्टर २२, चंडीगड
२० जानेवारी २०२५

चि. शिशिर,
अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. धुकं एवढं की समोरची दुकानं दुपारपर्यंत दिसत नाहीत. निधीच्या शाळेची थंडीची सुट्टी वाढवली आहे, त्यामुळे ती खूश. अंशुमन एअरफोर्स स्टेशनवरून उशिराच येतात. यंदा तिळगूळ केला नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

बाबांच्या दिवसांना तू आला नाहीस. धुक्यामुळे विमानं रद्द झाली, असं आश्लेषा म्हणाली. मी पुढे काही विचारलं नाही. बाबांनी तिला सून म्हणून घरात घेतलं नाही आणि तीच दर आठवड्याला फोन करून त्यांची चौकशी करायची. तुझा राग मला कळतो. बोल लावायला हे पत्र नाही.

दिवाळीनंतर मेंदूचा झटका आला तेव्हापासून बाबांना दिसेनासं झालं. माणसांची नावंही सापडेनात. मला कधी आई म्हणायचे, कधी सिस्टर. पण संध्याकाळी बाल्कनीत बसवलं की शीळ घालायचे. तुझी शीळ. देवगडच्या किनाऱ्यावर तू भटकत लांब गेलास की घालायचे, तीच. शेजारच्या आंटी विचारायच्या, "अंकलजी किसनू बुलांदे ने?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

निधीनं मात्र त्यांनाच विचारलं, "नानू, आप किसको बुला रहे हो?"

तुझं नाव त्यांना आठवेना. समुद्र आठवला. नौदलात कानाला हेडफोन लावून पाण्यातले आवाज ऐकण्यातच त्यांची उमर गेली ना! म्हणाले, "डॉल्फिन असतात ना, प्रत्येकाची शीळ वेगळी. तेच त्याचं नाव. दुसऱ्यानं ती घातली, की ज्याची असते तो तीच परत घालतो. म्हणजे, मी इथे आहे."

मी कणीक मळत ऐकत होते. लहानपणी मी विचारलं होतं, "बाबा, माझी शीळ कुठली?" म्हणाले, "तू कुठे हरवतेस? तुला कशाला हवी?" खरंच होतं. मी कायम त्यांच्या डोळ्यांसमोर.

नवीन वर्ष लागलं आणि त्यांनी खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. एका दुपारी ते शीळ घालू लागले, तर ओठांतून नुसती हवा. पुन्हा पुन्हा तेच. बघवेना. मी पलंगावर टेकले आणि तुझी शीळ घातली.

शिशिर, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

"आलास?" म्हणाले. अगदी स्पष्ट.

मी त्यांचा हात हातात घेतला. बोलले असते तर आवाजावरून कळलं असतं.

"आश्लेषाला आणलंस?"

मी हात दाबला.

"मी चुकलो रे तिच्या बाबतीत."

हे तुम्हा दोघांचं होतं, माझ्या कानी पडलं. तिलाही हे वाचायला दे.

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. तर हळूच म्हणाले, "शिशिर, तू आलायस ना, आता मंजूला झोपू दे. फार दमलीय ती. बोलत नाही कधी."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून माझं नाव आलं. "बाबा, मी मंजूच आहे," असं ओठांवर आलं होतं. पण मग तू आला नसतास. मी पुन्हा हात दाबला, आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला.

संध्याकाळी ते गेले.

अंशुमन म्हणाले, हे शिशिरला नको कळवूस, त्याला लागेल. पण हे एकटीनं पेलवत नाही मला. थोड्या अस्थी ठेवल्या आहेत. धुकं निवळलं की ये.

तुझी जागा घेऊन बसलेली,
ताई