भाऊजींच्या गाडीचे बटन

नागपूर,
मंगळवार, बाबांचा नववा दिवस

तीर्थस्वरूप रुपरावजी भाऊजी यांस,

वर 'श्री' लिहिलेला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. सुतकात लिहीत नाहीत. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण प्रयागआत्या म्हणाली की सुतकात नमस्कार करत नाहीत आणि घेतही नाहीत, म्हणून तो पुढच्या रविवारी पोचला असे समजावे. तुमची प्रकृती बरी असेल, तुमच्या आईचा गुडघा उतरला असेल, आणि वच्छलाताई इथून परत गेली त्या दिवशी एस.टी.त तिला मिळालेली खिडकीजवळची जागा भंडाऱ्यापर्यंत टिकली असेल, अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक म्हणता येत नाही. परंतु पत्राचे कारण बाबा नाहीत (त्यांचे तुम्हाला तारेने कळलेच). कारण तुमच्या मोटारसायकलच्या जादा दिव्याचे बटन आहे. ते माझ्या हातून तुटले. कसे तुटले ते क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला की मी स्वतःची बाजू घेऊ लागतो.

बुधवारी सकाळी अस्थी गोळा केल्या आणि मडक्याला पांढरे फडके बांधून अंगणातल्या कडुनिंबाला टांगल्या. (अस्थी घरात आणत नाहीत आणि जमिनीवर टेकवत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पुढचे सगळे यावरूनच घडले म्हणून लिहिले.) संध्याकाळी तुमच्या कचेरीतला शिपाई तुमची गाडी घेऊन आला. रामटेकला जायला लागेल म्हणून साहेबांनी पाठवली, एवढे सांगून तो सुतकाच्या घरचे पाणीही न घेता परत गेला. आत्या ओट्यावर बसली होती. तिने गाडीकडे बराच वेळ पाहिले.

"जवाई काहून नाही आला गा?"

मी म्हणालो, "गाडी पाठवली ना, आत्या."

"मंग तेरवीले पाटावर गाडीले बसवतं का?"

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्यात तेरवीला जावयाचे पान आधी मांडतात आणि तो घास घेईपर्यंत बाकीचे हात आवरून बसतात. पंगत चाळीस माणसांची धरली आहे, म्हणून आत्याला काळजी.

मी मात्र गाडीचा दिवा पाहत होतो. मोठ्या दिव्याच्या खाली डावीकडे, लोखंडी पट्टीवर बसवलेला, पितळी कडीचा. मला तो ओळखू यायला क्षणही लागला नाही, कारण बाबांनी तो आमच्या ओट्यावर दोन रविवार खपून तयार केला तेव्हा पेचकस हातात देण्याचे काम माझे होते. तुमच्या दिवाळसणाच्या त्या जेवणाबद्दल मी कधी बोललो नाही. आता बोलतो, रागावू नये. तुमच्या आईंनी अंगठीचा निरोप पाठवला होता आणि बाबांनी अंगठीऐवजी दिवा दिला. गिरणीतल्या वायरमनला जे देता येते ते. तुम्ही साकोली-लाखांदूरकडे बियाण्यांच्या दौऱ्यावर असता, रस्ता जंगलाचा, हा त्यांचा हिशेब. तेवढेच बोलून थांबले असते तर काही नव्हते. पण बाबांना वाक्य कुठे सोडावे हे कळत नसे. ते म्हणाले, "अंगठी घालून अंधारात नाल्यात गेले, त माह्या पोरीचं कपाळ पांढरं होईन." ऐन दिवाळीत, पुरणाच्या ताटावर, जावयाला. तुम्ही ताट सरकवून उठलात आणि हा दिवा वैनगंगेच्या पुलावरून खाली टाकीन असे म्हणून गेलात, त्याला सहा वर्षे झाली. तो नदीतच आहे असे आम्ही धरून चाललो होतो. ताई येत-जात असे, पण तिने कधी सांगितले नाही, कारण बाबांनी कधी विचारले नाही. आमच्या घरात न विचारलेले सांगत नाहीत.

आता बटन. गुरुवारी सकाळी मी मडके झाडावरून काढले. डोके भादरलेले, पायांत काही नाही (सुतकात वहाण घालत नाहीत). तुमची गाडी साडेतीनशे सी.सी.ची, जड. मी नोकरीला आहे त्या सेठच्या दुकानाचे गठ्ठे पोचवताना मी मोटारसायकल चालवायला शिकलो आहे, पण ती चपलेने सुरू करायला. अनवाणी पायाने किक मारणे हे निराळे शिक्षण आहे. किकला दोन हात हँडलवर लागतात आणि मडके धरायला तिसरा हात हवा. आत्या धरीना, बाईमाणसाने धरायचे नसते. शेजारचे दत्तोपंत कुंपणापलीकडून म्हणाले, "मी धरलं असतं गा, पण संध्याकाळी घरी सत्यनारायण आहे." जमिनीवर टेकवता येत नाही, घरात नेता येत नाही, परत झाडावर टांगले तर आत्या म्हणते निघालेल्याला मागे फिरवू नये. हँडलवर डाव्या हाताशी तुमच्या दिव्याचे बटन बोटभर पुढे आलेले आहे. मी फडक्याची गाठ त्यावर अडकवली.

पहिल्या तीन किका नीट झाल्या, गाडी सुरू झाली नाही एवढेच. चौथीला तिने उलटी लाथ मारली, माझ्या तळव्याचे साल निघाले, हँडल फिरले, मडके झोक्यासारखे बाहेर गेले आणि बटन मुळापासून मोडले. त्या क्षणी एकीकडे वडील खाली येत होते आणि दुसरीकडे तुमची गाडी. मी वडील धरले. गाडी पडली. विचार करून निवड केली असे म्हणणार नाही, पण विचार केला असता तरी हेच केले असते, माफी असावी. गाडीच्या उजव्या पायपट्टीला एक ओरखडा आहे, लांबी माझ्या करंगळीएवढी.

बटन मोडले ते दिवा चालू करून मोडले. तो विझेचना. तार ओढून काढता आली असती, पण ती बाबांनी जोडलेली होती आणि बाबा गळ्यात होते (शेवटी फडके मानेभोवतीच बांधले), त्यांच्यादेखत मला ते जमले नाही. म्हणून नागपूरपासून रामटेकपर्यंत लख्ख उन्हात मी दिवा पेटवून गेलो. समोरून येणारा प्रत्येक माणूस मूठ उघडून-मिटून सांगत होता की दिवा चालू आहे. कामठीपर्यंत मी प्रत्येकाला मान हलवून कळले असे सांगितले. कन्हानच्या पुलावर एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून, खाली उतरून, जवळ येऊन सांगितले. मग त्याने माझे डोके पाहिले, मडके पाहिले आणि म्हणाला, "माफ करना भाई, जलने दो." त्यानंतर कोणी मूठ दाखवली की मी खाली पाहू लागलो. रामटेकला आंबाळा तलावाच्या पायऱ्यांशी गाडी उभी केली तर गुरुजींनी विचारले की हा दिवा विधीतला आहे काय, कारण त्याची दक्षिणा वेगळी होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. मडके रिकामे होईपर्यंत मी काठावरच्या त्या दिव्याकडेच पाहत राहिलो, कारण पाण्याकडे पाहवेना. तो हळूहळू मंद होत गेला आणि मी वर आलो तेव्हा जवसाच्या तेलाच्या पणतीएवढा उरला होता. बॅटरी उतरली होती. गाडी मनसरपर्यंत ढकलत आणली. अनवाणी.

शुक्रवारी नवे बटन आणायला निघालो तर आत्या दारात आडवी. सुतकात घरात नवी वस्तू आणली तर तिच्यामागून आणखी एक सुतक येते, आणि घरात तिच्याखेरीज वयाने मोठे कोणी उरलेले नाही, हे तिने मला दोनदा समजावून सांगितले. जुने चालेल म्हणाली. म्हणून लकडगंजात वामनराव मिस्त्रीकडे गेलो. तो जुन्या गाड्यांचे सामान ठेवतो. त्याने तुटका तुकडा भिंगाखाली धरला आणि विचारले, "हे कोणाच्या हातचं आहे गा?"

मी म्हणालो, "बाबांच्या."

"असं बटन गाडीचं राहतच नाही. गिरणीतलं आहे हे. सांधा पाह्य, इतक्या वर्षांत हालला नाही." मग त्याने अंगठा त्या पितळी दांडीवर ठेवला. "आन् हे पाह्य. इथं रेघा राहतात, अंगठा घसरू नये म्हणून. साऱ्या घासून गेल्या. ज्याची गाडी आहे ना, त्यानं रोज लावला हा दिवा."

मी दुकानात बसलो. त्याला वाटले चक्कर आली, त्याने पाणी दिले. (त्याने सुतक विचारले नाही.) असे बटन त्याच्याकडे नव्हते, गांधीबागेत नव्हते, मी शुक्रवार-शनिवार मिळून नऊ दुकाने पाहिली. जी होती ती नवी होती. शनिवारी दुपारी घरी येऊन आडवा झालो. घरात झोपायला मोकळी जागा बाबांच्या खाटेची तेवढी, बाकी सगळीकडे पाहुण्यांचे बिछाने. खाटेच्या पायाशी ते काळे गोल बटन आहे. बाबांना उठता येईना तेव्हा त्यांनी स्वतःच मला पडल्यापडल्या शिकवून ते बसवून घेतले होते. ते दाबले की स्वयंपाकघरात दिवा लागे आणि आम्ही उठून त्यांच्याकडे जात असू. घरातलेच, जुने, वायरमनच्या पसंतीचे. मी पेचकस घेतला. आत्याने पाहिले. "ते काहून काढतं?" म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "काढ. आता कोण दाबते."

वामनरावांनी ते शनिवारी संध्याकाळी तुमच्या हँडलवर बसवले, पत्र्याची पट्टी करून, वर काळी टेप गुंडाळून. बॅटरीही भरून दिली. दिसायला ते चांगले दिसत नाही, हे आधीच लिहितो. मोटारसायकलला घराची भिंत चिकटल्यासारखे दिसते. परंतु दिवा पूर्वीसारखा पेटतो. फरक एवढाच की तुमचे जुने बटन आडवे होते आणि हे वर-खाली होते. खाली केले की लागतो, घरच्यासारखा. पावसात टेपवर मेण चोळावे. गाडी पुसून अंगणात उभी आहे. तुम्ही कळवाल तशी पाठवण्याची व्यवस्था करतो. तुमच्या वस्तूची मोडतोड झाली याची लाज वाटते. ताईला आणि मुलांना आशीर्वाद द्यायला मी लहान आहे, म्हणून नुसती आठवण.

तुमचा आज्ञाधारक,
गोविंदा चंपतराव
(हे नाव पहिल्यांदाच वडिलांच्या नावामागे 'कैलासवासी' लावून लिहायचे होते. ते शुद्ध लिहिता येते, पण आज लिहिले नाही.)

ता. क. मोडलेले बटन कागदात गुंडाळून सोबत पाठवणार होतो, पण पाकिटात मावत नाही. ते माझ्याकडे आहे. अंगठा ठेवून पाहिला. माझा बसत नाही, तुमचा बसेल.

ता. क. दुसरा. गाडी पाठवण्याची व्यवस्था करतो असे वर लिहिले, त्यात थोडी अडचण आहे. माझ्या तळव्याची जखम भरलेली नाही, शिवाय तेरवीपर्यंत वहाण घालता येत नाही. तेव्हा गाडी न्यायला तुम्हालाच यावे लागेल असे दिसते. शनिवारी आलात तर बरे पडेल. अनायासे तेरवी आहे. ताईलाही घेऊन या, परत जाताना गाडीवर दोघांना जागा आहे.

ता. क. तिसरा. वरचा मजकूर खरा नाही. जखम सोमवारीच भरली आणि गाडी मला अनवाणीही नेता येते, मनसरला बॅटरी थोडी भरून घेतल्यावर मीच चालवत आणली होती. काल तुमचा शिपाई गाडी न्यायला आला होता. त्याला मी सांगितले की बटन अजून बसले नाही. तो गाडीसमोर उभा होता, बटनही त्याला दिसत होते. तरी तो मान हलवून परत गेला, यावरून तो चांगला माणूस आहे असे वाटते. त्याला रागावू नये.

ता. क. चौथा, आणि हे आधीच लिहायला हवे होते. खाटेवर पडल्यापासून बाबांना गल्ली दिसत नसे. मोटारसायकल गेली की मला विचारत, "दिवे किती होते गा?" मी म्हणायचो, एक. मग ते कूस बदलत. शेवटच्या रविवारी संध्याकाळी दूधवाल्याची गाडी गेली. त्यांनी विचारले. मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, "बरं," आणि त्या रात्री त्यांनी बटन एकदाही दाबले नाही. सकाळी ते गेले होते. मी त्यांच्याशी शेवटचे बोललो ते खोटे बोललो, हे मी कोणाला सांगितले नाही. मग बुधवारी संध्याकाळी तुमची गाडी दारात आली आणि मी दिवे मोजले.

आत्याने पाट धुऊन उन्हात टाकला आहे. चाळीस माणसे हात आवरून बसतील, म्हणून शक्यतो बारापर्यंत पोचावे.