पुढचं पान

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे! बाईंच्या घराचा वरचा मजला आता आमचा. सामानात कपडे कमी आणि पुस्तकंच जास्त. जिन्यावरून खोकी चढवताना चिमीने, माझ्या धाकट्या बहिणीने, माझा यथेच्छ उद्धार केला. तिला जादूविद्येत काडीचा रस नाही. मी वाचत बसलो की जेवायचं विसरतो, म्हणून ती सोबत आलीय.

हर्मेटिक, म्हणजे जुन्या मिसरी-ग्रीक परंपरेतली, जादूविद्या शिकवणाऱ्या आमच्या बाई पूर्वी घड्याळं दुरुस्त करायच्या. या विद्येवरचं माझं वाचन मी फुशारकीने ऐकवलं, तर म्हणाल्या, तेवढी पुस्तकं कसरीनेही पचवलीत. त्यांचा नियम असा: सकाळी त्यांच्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, दुपारी ते स्वतः करायचं, केल्याशिवाय पान उलटायचं नाही. करताना वही मांडीवर हवी. जे होईल ते लिहीत राहायचं.

बुधवार, ६

वाडग्यातल्या पाण्यावर श्वास सोडत बसायचं, एवढंच. माझे पाय आखडतात, जांभया येतात. चिमीने गंमत म्हणून करून पाहिलं, तर पाण्यावर उठलेला तरंग विरेचना. मला चक्क हेवा वाटला. मग आम्ही काम वाटून घेतलं: मी वाचायचं, तिने करायचं.

बाई लेकीकडे निघायच्या घाईत होत्या. सगळं मीच केलं, असं त्यांना ठोकून दिलं. जीभ जराही अडखळली नाही, याची आता लाज वाटतेय.

शुक्रवार, ८

आजचं पान: स्वतःला रिकामं करून सगळं पाण्यात ठेवायचं. परत यायची कृती पुढच्या पानावर. बाई नसताना हे करू नये, एवढं मला कळत होतं. तरी वाचलं. चिमी डोळे मिटून बसली.

पानाखाली एक तळटीप होती. ती मला पटेना. मी दुसरं पुस्तक काढलं, मग तिसरं. चिमीने विचारलं, दादा, पुढे? मी म्हटलं, थांब. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांब म्हटलं. नंतर तिने विचारलं नाही.

पान उलटून वर पाहिलं, तर तिचे डोळे आधीच उघडे होते.

रविवार, १०

ती मला दादा म्हणत नाही. चिडवत नाही. आज बोलताना माझं एक वाक्य चुकलं, ते तिने सुधारलं. ते वाक्य ज्या पुस्तकातलं, ते पुस्तक अजून खोक्यातून निघालेलंही नाही.

हे मी केलं. दुसऱ्या कुणीही नाही.

सोमवार, ११

वाडगं धुवायला उचललं. आतून बारीक आवाज आला — दादा, पुढे?

वाडगं कललं. पाणी सांडलं.

देवा, किती सांडलं मी तिला?

मंगळवार, १२

पुढचं पान वाडग्यावर वाकून मोठ्याने वाचलं. काही नाही. बाईंना फोनवर सगळं कबूल केलं. कितीसं पाणी उरलंय, ते त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, आता नुसतं वाचून भागणार नाही. कुणीतरी स्वतः रिकामं होऊन पाण्यात उतरायचं आणि तिला धरून परत यायचं. शनिवारी पोचतेय, तोवर एकट्याने काही करू नकोस, असं बजावलं.

बुधवार, १३

पाणी आटतंय. झाकून ठेवलं तरी. आवाज आता नुसता — पुढे?

गुरुवार, १४. दुपार

शनिवारपर्यंत पाणी टिकत नाही. दोन्ही पानं पाठ आहेत, पण रिकामं होताना पाठ केलेलंही जातं. वाचून दाखवणारं कुणीतरी हवं. घरात आहेच कोण? चिमीच्या अंगात जी आहे, तिलाच विचारलं. तिने लगेच पुस्तक हातात घेतलं.

बसलो. वही मांडीवर. ती छान वाचते, चिमीच्याच आवाजात —

पाय गेले. माझं नाव — होतं काहीतरी —

थंड. चिमी, हात दे. आहे! हात आहे तिचा. माफ कर गं, माफ —

घट्ट धरलाय तिने.

आता पुढचं पान. बाहेरची ती वाचत नाही. मी विचारलं, पुढे?

म्हणाली, थांब. तळटीप बघतेय —

पुढे?

पु