आधी ओ देईल तो शून्य

प्रिय तोर्लाइव,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मधेच वाऱ्याबद्दल बोलायला लागतोस. गेल्या आठवड्यात वादळात लाइट गेली, परत आली, पण तुझ्या कोंबड्यांच्या शेडमधले पंखे काही परत सुरू झाले नाहीत. निम्मे पक्षी गुदमरून मेले, आणि तू मला सांगत होतास की शेजाऱ्याच्या छपराचा पत्रा उडाला! तेव्हा आता खुर्ची ओढ आणि वाच. मी चिडलेलो आहे, एवढं आधीच सांगतो. कुणावर, ते कळेलच.

पंखे चालवणारा डबा माझ्या कारखान्यातला. तसेच डबे इथे येरेनमध्ये कितीतरी शेडांत भिंतीला टांगलेत, आणि खरा हिवाळा अजून पुढेच आहे. लाइट आणखी जाणार. म्हणून तुझा डबा उचलून आणला आणि टेबलावर ठेवून सारखा बंद-चालू करत बसलो. प्रत्येक वेळी शहाण्या मुलासारखा उठायचा. आमची राग्नहिल, डब्याचं सॉफ्टवेअर लिहिते ती, म्हणाली, "याला काही झालेलं नाही. शेतकऱ्यानंच काहीतरी केलं असणार." मी म्हटलं, "बाई, तो शेतकरी माझा भाऊ आहे." तर म्हणते, "म्हणून तर म्हणतेय." तोंडाची फटकळ आहे, पण कामाची आहे, काय करणार.

मग लक्षात आलं, की डबा खोलताना त्यातलं नोंदींचं कार्ड मी काढून कोटाच्या खिशात टाकलं होतं. ते परत घातलं. डबा उठला. बंद करून पुन्हा चालू केला, तर उठेचना! नुसता हिरवा दिवा लावून बसून राहिला. पुढच्या वेळी पुन्हा उठला. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय.

भानगड अशी आहे. डब्यात साठवणीच्या जागा दोन. एक आत पक्की बसवलेली चिप, सगळा कारभार तिच्यावर. दुसरं ते कार्ड, त्यावर तुझ्या शेडच्या तापमानाच्या नोंदी. चालू होताना डबा दोघांना नावं देतो, एकाला शून्य, दुसऱ्याला एक. पूर्वी तो आधी चिपला हाक मारायचा, मग कार्डाला. वसंतात आम्ही नवी आवृत्ती घातली, तेव्हापासून दोघांना एकदम हाक जाते. आधी ओ देईल तो शून्य. आणि आम्ही लिहून ठेवलंय काय, तर 'कारभार शून्यावर आहे, तिथून उठ'. कार्डानं आधी ओ दिली, की डबा कारभार कार्डावर शोधतो, तो तिथं सापडत नाही, आणि मग हा वाट बघत बसतो. जन्मभर बसेल. धोक्याचा फोन करायचं कामही त्याचंच, म्हणून तुला फोनसुद्धा आला नाही.

मला संताप आला आणि हसूही. आपल्या घरचा न्याय तरी दुसरा काय होता? तू पाव तास आधी जन्माला आलास, म्हणून शेत तुझं आणि मी साठी उलटली तरी 'छोट्या'. पण आईनं आपल्याला नावं एकदाच दिली. रोज सकाळी जो आधी स्वयंपाकघरात येईल तो तोर्लाइव, असं तिनं ठेवलं असतं, तर तुझ्यासारख्या झोपाळूच्या वाट्याला शेताचा बांधही आला नसता.

उपाय ऐकून तूही कपाळावर हात मारशील. चिपवरच्या प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा, न बदलणारा ओळखक्रमांक आधीपासूनच असतो. शून्य-एक सोडून त्या क्रमांकानं हाक मारायची, मग कुणीही आधी ओ देवो. एक ओळ बदलायची. एक ओळ, तोर्लाइव! राग्नहिलनं लगेच बदलली. "माझ्या टेबलावर डब्यात कधी कार्डच नसायचं," म्हणाली. कार्ड काढून ठेवा, असं आम्ही तरी तुम्हाला कुठे सांगितलं होतं? हातमोजे घालून ते बोटभर कार्ड कोण रोज काढणार?

आता ही ओळ शेडोशेड जाऊन प्रत्येक डब्यात घालायला हवी. पण लोक मला दारात उभं करत नाहीत. "आम्ही आमचा खटका विसरत नाही, स्वेनुंग," म्हणतात आणि हसतात. कसला खटका, ते कळायला गुरुवार उजाडला. सहकारी दुकानाच्या उपाहारगृहात बटाट्याचे कोमले खात होतो. पाठीमागे दोघं बोलत होते आणि माझे कान तुला माहीत आहेत. "तोर्लाइव थकला रे. पंख्याचा खटका हातानं बंद केला आणि विसरला." "कोण म्हणतं?" "तोच! स्वतःच सांगत फिरतोय." "मग पक्षी पाळणं सोडावं त्यानं आता." ताट तसंच ठेवून उठलो.

खटका तू बंद केलाच नव्हतास. डबा भिंतीवरून काढला तेव्हा खटका चालूवर होता, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय मी. माझ्या कारखान्याचं नाव राहावं म्हणून तू स्वतःला म्हातारा, विसराळू ठरवून मोकळा झालास, आणि आता त्या एका वाक्यापायी बाकीच्या शेडा तशाच राहिल्यात. शनिवारी कुक्कुटपालकांच्या बैठकीत मी उभा राहून सांगणार आहे, की डबा चुकला आणि तो माझा आहे. कारखान्याचं व्हायचं ते होईल. फक्त तू मधे उठू नकोस. 'नाही, मीच विसरलो' असं तू एकदा जरी म्हणालास, तर सगळे तुझंच खरं मानतील, माझं नाही. कारण तोर्लाइव आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, हे येरेनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझ्यावरच चिडलेला, तुझाच
स्वेनुंग