पिरोश्काशेजारची जागा

प्रिय बालाझ,

फार उशिरा लिहितो आहे, माफ कर. तुझ्या बहिणीला मातीत ठेवून तू सीमेपलीकडे हंगेरीत, सेगेदला परतलास, त्यानंतर मी एक ओळही पाठवली नाही. शाळा अर्धवट, आणि खरं म्हणजे लिहायला बसलो की डोकं तापतं.

आपल्याकडे नवरा-बायकोच्या कबरीवरचा दगड एकच असतो, तुला ठाऊक आहे. गेलेल्याचं नाव, शेजारी मागे राहिलेल्याचं नाव आणि जन्मसाल, पुढे कोरी जागा. मीही तसाच करून घेतला. रविवारी शेवंतीला पाणी घालायला गेलो, तर माझ्या नावावर सिमेंट थापलेलं. पिरोश्काचं नाव स्वच्छ. जिवंत माणसाचं तोंड लिंपून टाकावं तसं वाटलं मला.

हे काम दफनभूमीच्या समितीचं. तिचा प्रमुख ग्युला म्हणतो, ही जागा हंगेरियन लोकांची, तुम्हा स्लोवाकांची कालव्यापलीकडे, उगीच तमाशा करू नका. अरे, या एवढ्याशा शहरात निव्वळ एका रक्ताचा आहे तरी कोण? शिव्या आपण हंगेरियनमध्ये देतो, बाजारात घासाघीस सर्बियनमध्ये करतो. माझी आई निम्मी जर्मन. शेवटच्या आजारपणात पिरोश्काच तिला न्हाऊमाखू घालायची, तेव्हा ही कुठली नि ती कुठली, कुणी विचारलं नाही. मी ग्युलाला म्हटलं, तुझी सख्खी आजी आमच्या स्लोवाक चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची, विसरलास वाटतं? तो हसत म्हणाला, "विसरतोय कशाला? आजोबा कालव्याच्या अलीकडे पुरले, आजी पलीकडे. तेव्हापासून दोघांचं भांडण नाही, ओन्द्रेयकाका." समितीतले सगळे खिदळले. मी दार आपटून निघालो. ते खिदळणं अजून कानात आहे, त्याचाच जास्त संताप येतो.

काल मात्र ग्युला घरी आला. नरमला होता. कॉफी घेतली, आणि खाली बघत म्हणाला की समितीने आपणहून काही केलेलं नाही. जागा तुझ्या वडिलांची, आता तुझी, आणि माझं नाव झाका म्हणून सेगेदहून तुझा फोन आला होता. मी त्याला हाकलून दिलं. मी तुला कधी आवडलो नाही, हे मला माहीत आहे. पण हे तू करशील? नाही म्हण, बालाझ. आणि खरंच तू सांगितलं असशील, तर राहू दे ते सिमेंट. नाव नको माझं. फक्त तिच्या शेजारी मला ठेवू देत, एवढं समितीला सांग. माझी छाती हल्ली बरी नसते. लवकर कळव.

तुझाच,
ओन्द्रेय