यमुने, तुझी नवमी करू की नको?

यमुने पोरी,

उद्या अविधवा नवमी. तुझ्या नावानं पान मांडायचं की नाही, हे तुलाच विचारावं म्हणून हे पत्र. लिहून राह्यली तुझी नणंद वत्सला. मी 'मुडदे' म्हणते, ती 'पोलीस' लिहिते. चौथी शिकली ना! सकाळपासून मी घरात-अंगणात नुसती येरझारा घालते आहे, एका जागी बूड टेकत नाही.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईची ही नवमी. एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. नवराही गेला की नवमी बंद. म्हणजे उद्या पान मांडलं तर माझा गणपत जिवंत, न मांडलं तर मीच त्याला मारला! सांग आता.

लोकांनी तर केव्हाच मारला त्याला. बायको सरणावर चढली तरी आला नाही, म्हणजे संपलाच, म्हणतात. त्या दिवशी शिपाई बाभळीआड उभे होते त्याची वाट पाहत. मी मनात म्हणत होते, येऊ नको रे बाबा. अन् आला नाही तेव्हा रागही आला मेल्याचा!

तुझ्या अंगाची हळद उतरली नव्हती, तेव्हा तो टोळी घेऊन गावाचा सारा उकळणाऱ्या मालगुजाराच्या मागं लागला अन् जंगलात गेला. पुढं मालगुजारी सरकारनंच मोडली, हा मात्र फरारच. चावडीवर चित्र लागलं त्याचं. गोळी लागत नाही म्हणे त्याला. अगं, पायात काटा गेला तर गाव गोळा करणारं पोरगं ते!

अन् तू? तू बंदूकवाल्याची बायको. हळदीकुंकवाला तुला बोलवावं तर भीती, न बोलवावं तरी भीती. समुद्रपूरच्या बाजारात कासारसुद्धा तुला बांगड्या भरताना इकडंतिकडं पाहायचा.

आठवतं का, पोलिसांचा जमादार चुलीपाशी येऊन भाकरी मोजायचा? घरात खाणारी तोंडं किती, अन् भाकरी किती. एकदा म्हणाला, "बाई, हे एक जास्तीची कोनासाठी?" तू वर न पाहता म्हणालीस, "तुमच्याचसाठी जमादार. रोज येता, उपाशी कसं धाडू?" खाल्ली की त्यानं! वर ठेचाही मागून घेतला.

पण पोरी, माझ्याशीही तू तशीच वागलीस ना! मी त्याची आई. किती वेळा विचारलं, "यमुने, हाय का वं तो?" तू कपाळ पुढं करायचीस. "कुंकू दिसत नाई का तुमाले, आत्याबाई?" दिसत होतं गं. एवढं मोठं लावायचीस की आंधळ्यालाही दिसावं. पण ते ठाऊक असून लावत होतीस, की हट्टानं? एक शब्द सांगून गेली असतीस तर काय बिघडलं असतं? शेवटच्या तापात बडबडलीस, तेही गाईला पाणी पाजायचं राह्यलं म्हणून!

तू गेलीस तेव्हा बाया म्हणाल्या, सवाष्णीचं हिरवं लुगडं नेसवावं का? मी म्हटलं, नेसवा. तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. आता आहे, अन् तोच खातो.

मग आज मी एक केलं. सरळ जमादाराच्या घरी गेले. तो ओट्यावर दाढी करत होता. मी त्याच्या देखत जमादारणीला म्हटलं, "बाई, उद्या आमच्या सुनेची नवमी हाय. सवाष्ण म्हणून तुमीच जेवाले या."

वस्तरा थांबला त्याचा. गणपत मेल्याचं ठाऊक असेल, तर अशा नवमीला आपली बायको कोण बसवील? असा अपशकुन कोणता नवरा घेईल? त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

"बुढे, लई हुशार हायेस तू," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "जाजो. पोटभर जेवजो." अन् पुन्हा मला, "तुया पोराचं आमाले काई मालूम नाई, समजलं?"

"म्या कुठं इचारलं?" मी म्हटलं, अन् घरापर्यंत पदर तोंडात कोंबून आले. हसले की रडले, वत्सला लिहीत नाही, कारण तिलाही कळलं नाही.

पण घरी आल्यावर दुसराच भुंगा लागला. तो जिवंत आहे हे त्यांना ठाऊक, तर कुठं आहे हेही ठाऊक असेल का? की म्हातारीची दया आली? की उद्या पुन्हा बाभळीआड शिपाई? यमुने, जीव भांड्यात पडला म्हणावा, तर भांडंच चुलीवर!

तुझ्या धाकट्या दिराची पोरं विचारून राह्यली, "आजी, मोठमायच्या नवमीले वडे करशीन ना?" करते म्हटलं.

तर ऐक. उद्या तुझं पान मांडते. जमादारणीची ओटी भरते, हिरवा खण देते. हात आहेत तोवर दरसाल मांडीन, कोणी काही म्हणो. अन् ज्या साली पान मांडलं नाही, त्या साली वाटेवर नजर ठेवजो पोरी. आम्हां मायलेकांपैकी कोणीतरी तुझ्याकडं निघालेलं असेल.

तुझी,
आत्याबाई