तुमचं शेवटचं पाच-नऊ-नऊ

बाबा,

काल तो आला होता. तुमचा पट्टशिष्य, गिरणीतल्या फिटरचा मुलगा. केस पिकलेत, हातात काठी आली आहे, पण दारात चपला तशाच काढल्या, जोड नीट जुळवून, तुमची शाबासकी मिळावी म्हणून पुलगावच्या घरी काढायचा तशा. मी चहा टाकला आणि मनात म्हटलं, झालं, आता तासभर मास्तरांचे गोडवे ऐका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही म्हातारी झाले, तरी त्याला पाहिलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. तुमच्यापासून काय लपवायचं.

तो यायच्या आधी तुम्ही माझे एकटीचे होतात. दिवसभर स्टेशनवर तारबाबू म्हणून कट्ट-कडकट्ट करायचं आणि घरी येऊन लढाईनंतर भंगारात निघालेल्या लष्करी वायरलेस सेटसमोर बसून पुन्हा तेच, यावरून आई रोज एकदा तरी कपाळाला हात लावायची. मी ती मोर्सची भाषा पाटावर बसून शिकले. तुम्ही जेवता जेवता चमच्याने वाटीवर एखादं अक्षर वाजवता, मी ते ओळखते आणि आई माझ्या गोळाभातावर फोडणीचं तेल आणखी वाढते. मग एक दिवस तुम्ही त्याला घेऊन आलात. मुलगा हुशार आहे, शिकवतो, म्हणालात. आईने त्याला माझ्या शेजारी पाट मांडला आणि तुमची वाटी वाजली की माझ्या तोंडातला घास संपायच्या आत तो उत्तर द्यायचा. परक्याच्या पोराने आमच्याच घरात बसून आमचंच तेल पळवलं, असं मला तेव्हा वाटलं. आजही तसंच वाटतं.

पुढे मला वर्ध्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मी दोन खोल्या घेतल्या, हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली आणि मिळतील ते सुटे भाग जोडून स्वतःचा सेट उभा केला. एरियलची तार अंगणातल्या कडुनिंबाला बांधली होती. घरमालकीणबाई तिच्यावर लुगडी वाळत घालायच्या आणि प्रत्येक वेळी बोलायच्या आधी मला ती काढून आणावी लागत. तिकडे पुलगावात तोही परवानेवाला झाला होता. म्हणजे आता वाटी नव्हती, पाट नव्हता, पण हवेत पुन्हा आपण तिघेच.

हिवाळ्यात एका रविवारी देशभरातल्या हौशी रेडिओवाल्यांची स्पर्धा असायची. दिवसभरात ज्याचं जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलणं होईल तो पुढे. बोलणं कसलं, तीन आकडे द्यायचे आणि घ्यायचे: तुमचं मला वाचता किती येतं, जोर किती, सूर किती स्वच्छ. पाच-नऊ-नऊ म्हणजे त्याहून चांगलं काही नाही. पण स्पर्धेच्या घाईत तोलूनमापून आकडे द्यायला कोणाला वेळ असतो? म्हणून रिवाजच पडला होता की आवाज कसाही येवो, समोरच्याला पाच-नऊ-नऊ द्यायचं आणि पुढचा गाठायचा. लग्नात आहेर घेताना 'कशाला हो' म्हणतात, तसलंच ते. माझ्या पहिल्या स्पर्धेत मद्रासच्या एका गृहस्थाने माझं नाव पुन्हा पुन्हा विचारलं, धड काही ऐकू येत नव्हतं त्याला, तरी शेवटी पाच-नऊ-नऊच दिलं.

त्याच दिवशी दुपारी तुमची हाक ऐकू आली. मी उत्तर दिलं, त्यानेही त्याच क्षणी दिलं. तुम्ही आधी त्याला घेतलंत. पाच-नऊ-नऊ, धन्यवाद, संपलं. मी हेडफोन घट्ट धरून बसले. मग माझी पाळी आली आणि तुम्ही दिलंत पाच-सात-पाच. एवढ्यावर थांबला नाहीत. सुरात गुरगुर आहे, वीजपुरवठ्याचा कंडेन्सर तपास, असं अक्षर अक्षर वाजवून सांगितलंत, देशातल्या सगळ्या हौशी लोकांच्या कानांवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मद्रासचा परका माणूस मला पूर्ण आकडे देतो, तुम्ही त्या फिटरच्या पोराला देता आणि पोटच्या मुलीला नाही.

पुढच्या शनिवारी मी पॅसेंजरने घरी आले तर हा माझ्या पाटावर बसून भाकर खात होता. तुम्ही मला विचारलंत, "काऊन वं, तोंड पाडून काऊन बसली?" मी म्हटलं, "त्याले पाच-नऊ-नऊ अन् मले पाच-सात-पाच?" तुम्ही शांतपणे भाजीत भाकर कुस्करलीत. "तुह्या सुरात गुरगुर आहे, माय. आहे त आहे. कंडेन्सर बदल." तो ताटात बघून हसला. त्या वर्षी आपल्या भागात तोच पहिला आला. तुम्ही पेढे आणलेत आणि स्टेशनवर इतकी वर्षं तारा ठोकायला वापरलेली तुमची पितळी चावी, जिच्यावर तुमच्या बोटाने खळगा पडला होता, ती त्याच्या हातात ठेवलीत. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि नको तेवढा जोर लावून भांडी घासली.

त्यानंतर दर हिवाळ्यात हेच. त्याला पाच-नऊ-नऊ, मला पाच-सात-सहा, पाच-आठ-सात. मी कंडेन्सर बदलले, सेट सगळा उसवून पुन्हा जोडला, सीताबर्डीची दुकानं पालथी घातली. स्पर्धा जिंकणं वगैरे कधीच मागे पडलं होतं. मला तुमच्याकडून ते तीन आकडे हवे होते. आणि मग तो शेवटचा हिवाळा. मी हाक दिली, तुम्ही मला घेतलंत, आणि दिलंत पाच-नऊ-नऊ. पुढे एक अक्षर नाही. मी हेडफोन काढून अंगणात गेले. घरमालकीणबाईंनी विचारलं, पगार वाढला का? मी हो म्हटलं, त्यांना दुसरं काय सांगणार. उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तेव्हापासून ते आकडे मी दागिन्यासारखे जपले आहेत.

काल चहा पिता पिता त्याने एकाएकी म्हटलं, "ताई, एक सांगू? मी तुमच्यावर लय जळत होतो." तो म्हणाला, त्याचा सेट चिमणीसारखा चिरकायचा, साऱ्या पुलगावला माहीत होतं, पण तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. "मले मास्तरानं कधी खरा आकडा देल्लाच नाई. दुनियेले पाच-नऊ-नऊ, तसं मले. तुमालेच तेवढं खरं सांगे. तुमाले गुरगुर समजावून राह्यले होते, तवा तिकडं कलकत्तेवाला त्याइले बोलावून बोलावून निघून गेला. मी ऐकत होतो. मास्तरानं त्याच्याकडं पाह्यलंबी नाई." चावी दिली ती हात चांगला म्हणून, असं तो म्हणाला. ऐकायला मात्र तुम्ही फक्त माझ्यासाठी थांबायचात.

बाबा, इतकं गोड मला आयुष्यात कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण तो पुढे म्हणाला, "शेवटल्या साली त मास्तरांच्या कानात शिट्टीच वाजत राहे. अक्षर समजे, सूर समजत नसे. मले म्हणे, आता सगळ्याइलेच पाच-नऊ-नऊ देतो, कोणाचं खरं कोणाचं खोटं मलेच कळत नाई." आणि मग काठीवर हनुवटी टेकून त्याने विचारलं, "तुमाले काय देल्लं होतं, ताई?"

मी कप खाली ठेवला. "पाच-आठ-नऊ," मी म्हटलं. "शेवटपर्यंत सोडलं नाई मले."

तो मान हलवत राहिला. "मले वाटलंच होतं," म्हणाला, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी त्याला आणखी एक कप चहा दिला, साखर जरा जास्त घालून. तो गेला तेव्हापासून मी इथेच बसले आहे. माझा सूर खरंच स्वच्छ झाला होता, की मीही तुमच्यासाठी बाकीच्या दुनियेसारखीच एक झाले होते, हे आता मला कोण सांगणार? हा कागद मी घडी करून लुगड्यांच्या खाली ठेवते आहे. तुम्ही त्या दिवशी मला काय दिलंत ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे, आणि मी मरेन तरी त्याला कळू देणार नाही.