आत जाणारी पावलं

२ फेब्रुवारी २०२५, वेरिबी
पोचलो एकदाचे! मेलबर्नला सगळ्या बॅगा आल्या, कस्टमवाल्याने आईची शेंगदाण्याची चटणी नुसती हुंगून सोडून दिली, माझा जीव भांड्यात पडला. घर म्हणजे एका पंजाबी कुटुंबाच्या मागच्या अंगणातली एक खोली आणि मोरीएवढं स्वयंपाकघर. नवऱ्याचं, शंतनूचं, तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, बरंय की, झाडायला कमी. खिडकीबाहेर लिंबांनी लगडलेलं झाड आहे. पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रमातली माझी नोकरी सुरू. नवी जागा म्हणून ही नवी वही.

१६ फेब्रुवारी
आईला व्हिडिओवर खोली दाखवली. मानसीचं घर पाहिलंस का, एवढंच म्हणाली. मानसी माझी मावसबहीण, सिडनीत कॅसल हिलला असते. तिच्या घराचे फोटो फॅमिली ग्रुपवर दुधाच्या पिशवीसारखे रोज सकाळी हजर. शाळेतही आई माझ्याआधी तिचे मार्क विचारायची. आज रडूच आलं. आईने एकदा तरी माझा फोटो आपणहून कुणाला दाखवावा, एवढंच हवंय मला.

२३ फेब्रुवारी
आज एक उद्योग केला. इथे बिल्डर लोक नमुन्याची सजवलेली घरं उघडी ठेवतात, डिस्प्ले होम म्हणतात. रविवारी आपली माणसं सहकुटुंब बघायला जातात. मी मुद्दाम हिरवी पैठणी नेसून गेले. उंबऱ्यावर लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर चिकटवले, आत जाणारे, आणि उजवा पाय उचलून फोटो काढून घेतला. पाय आत टेकणार एवढ्यात सेल्सवाली बाई आली, म्हणून बाहेरच्या बाहेर पळ काढला. पावलं तिथेच राहिली.
ग्रुपवर लिहिलं, गृहप्रवेश! आईने तो फोटो अख्ख्या सोसायटीला पाठवला. शंतनू मात्र चिडला. "यामिनी, आपलं घर नाहीये ते," म्हणाला.

४ मार्च
मी फोटो टाकते त्या माझ्या अकाउंटवर मी न काढलेला फोटो आहे. त्या घराच्या ओट्यापाशी मी पोळ्या लाटतेय. केस दाट, कंबर बारीक. शंतनूचा खोडसाळपणा वाटला, पण तो शपथेवर नाही म्हणतो. डिलीट करणार तेवढ्यात आईचा फोन. पहिल्यांदा तुझा अभिमान वाटला, म्हणाली.
फोटो ठेवला.

१५ मार्च
रोज नवा फोटो येतो. आता शंतनूही असतो त्यात. घाबरायला हवं, पण मी सुटीत लाइक बघत बसते. ती माझ्यापेक्षा छान हसते.
आज कामावर चेहऱ्याच्या हजेरीचं मशीन मला ओळखेना. पाच वेळा उभी राहिले. मॅनेजर 'नो वरीज' म्हणाली आणि सही घेतली.

३० मार्च, पाडवा
तिने गुढी उभारली. मी शिफ्टला.
आईला कॉल केला, तिने कापला. मग मेसेज, आत्ताच तर तासभर बोललीस ना?
तासभर. माझ्याशी आई कधी तासभर —

१ एप्रिल
अकाउंट बंद करायला गेले. पासवर्ड चुकीचा.
शंतनूला सगळं खरं सांगितलं, अक्षरशः हात जोडले. तो सभ्यपणे ऐकत राहिला, ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं ऐकावं तसा. मग बॅग उचलली. घरी यामिनी वाट बघत असेल, म्हणाला.
मला म्हणाला.

३ एप्रिल
भर दुपारी गेले त्या घरापाशी. काचेतून दिसली. टेबलाशी शंतनू. तिच्या फोनवर आई, हसत होती —
तिने मला पाहिलं. दचकली नाही. कीव आली तिला माझी.

४ एप्रिल
आईला फोन लावला. चेहरा नाही, निदान आवाज तरी ओळखेल. म्हटलं, आई, मी आहे, ती खोटी आहे, मी खोलीतच राहते अजून —
आई मग हळू आवाजात,
"ओळखलं गं तुला. पहिल्या दिवसापासून माहितीये मला. पण राहू दे ना तिलाच."
फोन चालूच आहे. ऐकतेय ती. माझं नाव घेतलं की राहवणार नाही तिला — घेऊ बघतेय — तोंडात येत नाही — निदान इथे लिहून ठेवते, माझं नाव या